वर सरकायला जागा कुठंय?
'गरम झालं तर झाडं-प्राणी डोंगरात वर सरकतील, निसर्ग घेतो जुळवून' हे काही जणांचं म्हणणं अर्धंच खरंय. दर हजार मीटरला साधारण ६.५ डिग्री तापमान उतरतं त्यामुळे सरकतात हे बरोबर, पण डोंगर वर निमुळता होत जातो ना, मग माथ्यावरच राहणाऱ्यांनी जायचं कुठे? पेरूतल्या पांतियाकोया डोंगरावर १९८५ ला पक्ष्यांची पाहणी झालेली, २०१७ ला परत केली तर माथ्याजवळचे काही पक्षी सापडलेच नाहीत.

आणि झाड काही उठून चालत नाही, बी पडून रुजून मोठं व्हायला दशकं जातात, किडे मात्र भराभर पोचतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात पाइनची साल पोखरणारे भुंगेरे पूर्वी उणे ४० च्या आसपासच्या थंडीत मरायचे, हिवाळे सौम्य झाले आणि साधारण १.८ कोटी हेक्टर जंगलाला फटका बसला (आगी विझवत राहिल्याने म्हातारी पाइन दाटीने उभी होती हेही कारण, सगळं हवामानावर ढकलू नका). एवढी झाडं मेली की कुजताना कार्बन सोडतात, म्हणजे जे जंगल कार्बन शोषत होतं तेच उलट हवेत ओकायला लागतं.