टाकीचा सेन्सर जिन्यातल्या ट्यूबवर चालेल का?

चाळकरी:
गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्याखाली पाण्याची टाकी आहे. पाणी पहाटे साडेचारला येतं, कधी येतच नाही. आई रोज झाकण उचलून बॅटरी मारून बघते. म्हणून ईएसपी३२ हा छोटा वायफायवाला बोर्ड बसवला, तो दर १५ मिनिटांनी वायफायवर पातळी कळवतं. सेल बदलायचा कंटाळा, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून छोटं निळं सोलर पॅनल आणि वीज साठवायला सुपरकपॅसिटर आणला. खिडकीत ठेवलं की चालतं, जिन्यात एलईडी ट्यूबखाली नेलं की मेलं. पॅनल फसवं निघालं का?

डागकाम:
पॅनल बिचारं निर्दोष. भर उन्हात लाखभर लक्स (उजेडाचं माप) असतात, जिन्यात शंभर-दोनशे. त्यात तुमच्यासारखं निळं क्रिस्टलाइन पॅनल मंद उजेडात ढेपाळतं. कॅलक्युलेटरवरची तपकिरी पट्टी अमॉर्फस सिलिकॉनची, ट्यूबखाली तीच बरी. तीही चौरस सेंटिमीटरला पाचेक मायक्रोवॅट देईल. पत्त्याच्या अर्ध्या पानाएवढी घेतली तर १२ तासांत पाच ज्यूल. वायफायला जोडून एक निरोप धाडायला साधारण एक ज्यूल जातो. तुम्ही दिवसाला ९६ धाडताय!

आणि बोर्डावरचा लाल दिवा चालू आहे का? तो एकटाच मिलिअँपभर खातो. आधी तो उपटा.

पायरीवाला:
वरची पोरं धाडधाड जिना उतरतात. पायरीखाली पिझो, म्हणजे दाबावर-हलण्यावर वीज देणारी पट्टी, लावला तर?

डागकाम:
पिझोची पट्टी आपल्या ठरावीक कंपनालाच नीट साथ देते, आणि ते बहुधा शेकडो हर्ट्झ. लाकडी पायरी हलते सावकाश. शिवाय पहाटे साडेचारला कुठली पोरं?

चाळकरी:
काका, दिवा उपटला. आता कपॅसिटर अडीच व्होल्टच्या पुढे चढतच नाही.

डागकाम:
चढेल कसा? तेवढ्यावर बोर्ड उठू बघतो, साठलेलं पिऊन टाकतो, पुन्हा कोसळतो. मध्ये बीक्यू२५५७० ही थोडीथोडी वीज गोळा करणारी चिप घाला. तिची एक पिन तुम्ही ठरवाल तेवढं व्होल्टेज साठल्यावरच 'हो' म्हणते, त्या पिनवरून पुढची वीज सोडा.

पण मुळात पातळी हवी कशाला? आईंना पाणी आलं की नाही एवढंच हवंय. पाण्यावर तरंगणारा फ्लोट आणि चुंबक जवळ आलं की जुळणारा रीड स्विच लावा, ईएसपी३२ऐवजी एनआरएफ५२ ही ब्लूटूथची चिप घ्या, ती झोपून राहील, फ्लोट उचलला की जागी होईल. ब्लूटूथच्या एका हाकेला मिलिज्यूलसुद्धा लागत नाही. ऐकायला घरात जुना फोन ठेवा.

चाळकरी:
झाकण लोखंडी आहे, हाक बाहेर येईल?

डागकाम:
स्विच आत, बोर्ड बाहेर. वायर फटीतून काढा, सांध्यावर सिलिकॉन सीलंट भरा. पावसाळ्यात ओलीवरून चार मायक्रोअँप गळले तरी तुमच्या कमाईतला मोठा वाटा गेला.