मदत हवी आहे: व्हीआरमध्ये माणूस गोंधळलाय हे हालचालीवरून कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, आग लागल्यावर इमारतीतून बाहेर कसं पडायचं याचं व्हीआर ट्रेनिंग (हेडसेट घालून आभासी इमारतीत) आम्ही युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलंय, आणि आता वापरणारा कुठे गोंधळतो, कुठे अडतो ते आपोआप कळलं पाहिजे असं वरून आलंय. हेडसेट क्वेस्ट ३ आहे म्हणजे आय ट्रॅकिंग (डोळे कुठे बघतायत ते टिपणं) नाहीच, फक्त डोकं आणि दोन्ही कंट्रोलर यांची पोझिशन नि रोटेशन दर फ्रेमला सेव्ह होतं. रेकॉर्डिंग बघून दोघांनी एकमेकांना न विचारता कुठे गोंधळ आहे, कुठे नाही असं लेबलिंग केलं, त्यांचं बऱ्यापैकी जुळतंय. पाच-पाच सेकंदांचे तुकडे करून रँडम फॉरेस्टला (उदाहरणांवरून शिकणारं एक मॉडेल) दिले तर अॅक्युरसी नव्वदच्या वर, पण नवीन माणूस आणला की मॉडेल चक्क अंदाजपंचे उत्तरं देतं. डेटा कमी पडतोय की फीचर्स (डेटातून काढून मॉडेलला दिलेली मोजमापं) चुकतायत? आणि डोकं वळलं तिकडेच नजर आहे असं धरलं तर चालेल का?

प्रतिसाद १
सगळ्यांचे तुकडे सरसकट मिसळून त्यातलेच काही शिकवायला, काही तपासायला (ट्रेन-टेस्ट) घेतलेत ना? मग एकाच माणसाचे तुकडे दोन्हीकडे गेले आणि मॉडेल गोंधळ नाही, माणूस ओळखायला शिकलं. हे फार सहज होतं बरं का. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी ५११ जणांना ३६० डिग्री व्हिडिओ दाखवले होते, तर प्रत्येकी पाच मिनिटांपेक्षा कमी ट्रॅकिंग डेटावरून ९५ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखता आला. उंची, हात धरायची सवय, सगळं त्यात असतंच. तेव्हा आधी माणसागणिक स्प्लिट करा, म्हणजे एका माणसाचे सगळे तुकडे एकाच बाजूला, याला ग्रुप के-फोल्ड म्हणतात. नव्वदचा आकडा धाडकन खाली येईल, पण खरा तोच. डोक्याची उंची जशीच्या तशी देऊ नका, त्या माणसाच्या सुरुवातीच्या शांत मिनिटातली सरासरी वजा करा. मग अलार्म वाजल्यापासून पहिली हालचाल किती वेळाने, डोकं डावी-उजवीकडे किती वेळा उलटसुलट फिरलं, असली फीचर्स घ्या. ऑयलर अँगल (रोटेशन तीन कोनांत लिहायची पद्धत) वापरत असाल तर ३५९ वरून ० ला उडी दिसते आणि मान गर्रकन फिरली असं वाटतं, त्यापेक्षा दोन क्वाटर्नियनमधला (रोटेशन चार आकड्यांत लिहायची पद्धत, तिच्यात अशी उडी नसते) कोन काढा.

नजरेचं म्हणाल तर दरवाजा, जिना अशा मोठ्या गोष्टींना चालेल. एक्झिटची पाटी वाचली का हे कळणार नाही, थोडंसंच बाजूला बघायला डोळे एकटेच फिरतात, मान हलतही नाही.

प्रतिसाद २
वरच्यात भर. चालणं टेलिपोर्टने (कंट्रोलरने जागा दाखवून तिथे थेट उडी) आहे का जॉयस्टिकने? तसं असेल तर डोक्याची पोझिशन नुसती खोलीतली सांगते, सीनमधली नाही, म्हणजे रिगची (सीनमध्ये वापरणाऱ्याला घेऊन फिरणारा ऑब्जेक्ट) पोझिशन वेगळी लॉग करावी लागेल. शिवाय पहिल्यांदा हेडसेट घातलेला माणूस मळमळेल म्हणून मान जपूनच हलवतो, आणि ते अगदी अडखळल्यासारखं दिसतं. आगीच्या आधी सरावाची एक साधी खोली ठेवा, आणि नंतर मळमळीची प्रश्नावली, १९९३ ची एसएसक्यू (सिम्युलेटर सिकनेस क्वेश्चनेअर) अजून सर्रास वापरतात.

धागाकर्ता
टेलिपोर्टच आहे, रिग लॉग होत नव्हता, आजच टाकतो. पण मग फाइलमधून नाव काढून नुसता आयडी ठेवला तरी माणूस कळणार की काय? आम्हाला डेटा बाहेर द्यायचाय.

प्रतिसाद १
हो, त्याच माणसाचं दुसरं रेकॉर्डिंग कोणाकडे असेल तर जुळवता येईल. कच्चा डेटा देऊच नका, काढलेली फीचर्स द्या, तीही लोकांना आधी सांगून.