मदत हवी आहे: लेअरला दोन दिवस, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी, आम्ही जर्मनीत ब्रेमेनला राहतो. ऑगस्टमध्ये आई-बाबा येताहेत, तेव्हा पूर्व फ्रीसलंडमधल्या लेअरला दोन दिवस जायचा विचार आहे. रेल्वेने जाणार, गाडी नाही.

गावात बंदराकाठचं १७१४ सालचं जुनं वजनघर (मालाचं वजन करायची इमारत), शेजारचा टाउन हॉल आणि विटांच्या गल्ल्या बघायच्या हे नक्की. पण खरं आकर्षण चहाचं. बाबा पक्के चहाबाज, त्यात तिथल्या मिश्रणात आसामचा चहा असतो म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. कपात आधी खडीसाखर, त्यावर कडक चहा ओतला की ती तडतडते, मग कडेने साय सोडायची आणि ढवळायचं मुळीच नाही! किमान तीन कप घ्यायचे. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. बाबा न ढवळता पितील का, ही वेगळीच चिंता.

आता प्रश्न. बाबांचे गुडघे दुखतात, तर चहा संग्रहालयात जिने किती आहेत? लेअरजवळच्या विल्ट्सहाउझेनला हाताने ओढायची जुनी नाव आहे, तिथे सायकलशिवाय कसं पोहोचायचं? आणि दुसऱ्या दिवशी झुअरहूझेनचा कललेला मनोरा (पिसापेक्षा जास्त, ५.१९ अंश!) आणि ग्रेटझीलच्या जुळ्या पवनचक्क्या, दोन्ही जवळच्या एम्डेन शहराहून बसने एकाच दिवसात होतील का? नसेल जमत तर कोणतं सोडू? आईला पवनचक्क्याच हव्यात.

ती शाकाहारी आहे. मासळीच्या या मुलुखात तिला काय मिळेल, की थेपले बांधून नेऊ?