दगडफूल घरच्या झाडावर जगेल का? मदत हवी आहे

मंडळी, यंदाच्या चटणीसाठी लक्ष्मीपुरीतनं दगडफूल आणलं. निवडायला बसले तर निम्मी सालपटंच की! वरून राखाडी, खालून काळं आणि तेलात पडलं की वास सुटतो, तो खरा माल. तसलंच काहीतरी गगनबावड्याला मामांच्या आंब्यावर चिकटलेलं दिसलं. तेच असेल का? खाण्यातलं नेमकं कसं ओळखायचं?

दुसरं, सालीसकट फांदी आणून आमच्या परसातल्या फणसाला बांधली तर जगेल? दगडफुलात बुरशी नि शेवाळ एकत्र नांदतात, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढ, धुरकट हवा सोसत नाही, एवढं वाचलंय. आणि आमचं घर नेमकं हायवेलगत. कुणी करून बघितलंय का? तोवर आंब्याला हात लावत नाही, मामी ओरडेल.