टाळेबंदीत व्यवसाय बंद ठेवावा लागला. पण कर्जच नसलेल्याला मदत का मिळाली नाही?

प्रश्न (खानावळवाला, पुणे)

सदाशिव पेठेत माझी विद्यार्थ्यांसाठीची खानावळ आहे. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद होऊन मुले गावी गेली, आणि ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने लोकांना बसवून जेवू घालण्याची परवानगी मिळेपर्यंत जागेचे भाडे मात्र भरावेच लागले. शेजारच्या हॉटेलमालकांवर बँकेचे १२ लाखांचे कर्ज शिल्लक होते. त्यांना केंद्राच्या योजनेतून, नवे तारण न देता, आणखी २ लाख ४० हजार मिळाले. माझ्यावर बँकेचे कर्ज नसल्याने मला अर्जच करता येणार नाही, असे सांगण्यात आले. हे नियमाला धरून होते का?

उत्तर १ (निवृत्त बँक अधिकारी)

होय, नियमाला धरूनच होते. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या आपत्कालीन पतहमी योजनेत २९ फेब्रुवारी २०२० रोजी येणे असलेल्या कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज देता येत असे, त्यामुळे ज्याचे येणे शून्य त्याचे २० टक्केही शून्यच. बँकेला ९.२५ टक्क्यांहून अधिक व्याज लावता येत नव्हते, मुदत चार वर्षांची होती आणि पहिल्या वर्षी केवळ व्याज भरायचे होते. पुढे हॉटेल व पर्यटन व्यवसायांसाठी ही मर्यादा ४० टक्के आणि मुदत सहा वर्षे झाली. पण पाया तोच राहिला.

सरकारची १०० टक्के हमी होती ती बँकेला, कर्जदाराला नव्हे. कर्ज बुडाले तर बँकेचे नुकसान सरकार भरून देणार होते, कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी मात्र कायम होती. म्हणून मी याला मदत म्हणताना थोडा अडखळतो. बचावात एवढेच सांगता येईल की ओळखीच्या खातेदाराची नव्याने छाननी करावी लागत नसल्याने पैसे लवकर पोहोचले.

आपल्यावर खरोखर कोठलेच कर्ज नव्हते का?

खानावळवाला

पतसंस्थेचे दीड लाख होते, आणि त्याचा एकही हप्ता थकलेला नव्हता.

निवृत्त बँक अधिकारी

मग आपली अडचण अधिकच खटकणारी आहे. ही योजना बँका, वित्तीय संस्था आणि पात्र बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांपुरती होती. पतसंस्थेचे कर्ज त्यात धरले जात नव्हते.

उत्तर २ (लेस्टरकर)

इंग्लंडमध्ये दुकाने व उपाहारगृहांना परत न करायचे अनुदान मिळाले: जागेचे करपात्र मूल्य १५ हजार पौंडांपर्यंत असल्यास १० हजार पौंड, आणि त्यापुढे ५१ हजारांच्या आत असल्यास २५ हजार. घरी बसवलेल्या कामगारांच्या पगाराचा ८० टक्के भागही, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकार देत होते. मात्र अनुदान जागेच्या कराच्या नोंदीवरून वाटले गेल्यामुळे घरच्या स्वयंपाकघरातून डबे पुरवणारा माणूस त्यात सहसा बसत नसे. तुमच्याकडे कर्जाची नोंद पाहिली गेली, इकडे जागेची.

उत्तर ३ (रिक्षावाल्याची मुलगी)

राज्याने एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी ५,४७६ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली, तीत नोंदणीकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. ही रक्कम परतफेडीची नव्हती, हे खरे. पण माझे वडील दुसऱ्याची रिक्षा पाळीने चालवत असल्यामुळे परवाना मालकाच्या नावावर होता. फेरीवाल्यांसाठी जून २०२० पासून केंद्राची स्वनिधी योजनाही होती, तीत पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळे आणि वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज सवलत खात्यात जमा होई. खानावळ मात्र यांपैकी कशातच बसत नव्हती.

खानावळवाला

सर्वांचे आभार. शेजारच्यांचा पहिल्या वर्षानंतरचा हप्ता त्यांना जड गेला, हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे ते कर्ज मिळाले नाही याचे मला आता तेवढे वाईट वाटत नाही. भाड्यापुरती तरी काही रक्कम मिळायला हवी होती, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे.