मदत हवी आहे: एका विषयातलं दुसऱ्या विषयात वापरायला कसं शिकवायचं?

नमस्कार. मी नववीला गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवते. गुणोत्तराची गणितं पटापट सोडवणारी मुलं घनतेपाशी आली की अडतात. "मॅडम, हे तर विज्ञान आहे ना?" हसावं की रडावं!

एका कामातला सराव दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही, हे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे 'विचारकौशल्या'चा वेगळा तास मला पटत नाही. सध्या एकच कल्पना दोन-तीन वेगळ्या प्रसंगांत देते आणि 'यांत सारखं काय?' असं विचारते. थोडा फरक पडतोय.

पण तपासायचं कसं? ओळखीच्या प्रश्नात पाठांतरच दिसतं, अनोळखी दिला तर निम्मे कागद कोरे. कुणी असे प्रश्न काढले असतील तर एखादा नमुना द्याल का?