घरच्या झोप-चाचणीचा रिपोर्ट नॉर्मल, तरी दिवसभर पेंग: पुढे काय तपासायचं?

पहाटवारा:
48 वर्षांच्या व्यक्तीची घरी झोपेची चाचणी झाली: बोटाला ऑक्सिमीटर, नाकाला नळी, छातीला पट्टा. नोंद 7 तास 30 मिनिटं, श्वास अडखळण्याच्या घटना 30, म्हणजे ताशी 4. शेरा 'नॉर्मल'. पण घोरणं जोरात आहे, झोपेत श्वास अडकलेला दिसतो आणि एपवर्थ स्कोअर (दिवसा किती पेंग येते याच्या प्रश्नावलीचे गुण) 24 पैकी 15 आहे. स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार) नाही असं धरायचं का?

निद्रामापक:
एवढ्यावरून अजिबात धरू नका. ही चाचणी ॲप्निया 'आहे' हे दाखवू शकते, 'नाही' हे ठामपणे सांगू शकत नाही.

पहिली अडचण भागाकारात आहे. मेंदूच्या लहरींची नोंद नसल्याने माणूस नेमका कधी झोपला हे अशा यंत्राला कळत नाही, त्यामुळे जागेपणी लोळत काढलेला वेळही हिशेबात येतो. खरी झोप 5 तासच झाली असेल, तर त्याच 30 घटना ताशी 6 होतात. ताशी 5 ते 15 घटना म्हणजे सौम्य ॲप्निया, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. म्हणजे नुसता भाजक बदलला आणि निदान बदललं!

दुसरी अडचण घटना मोजण्यातली. श्वास पूर्ण न थांबता उथळ झाला (प्रवाह किमान 10 सेकंद 30 टक्के किंवा त्याहून जास्त घटला), तर सोबत ऑक्सिजन 3 टक्के उतरायला हवा किंवा झोप क्षणभर मोडायला हवी. झोप मोडल्याचं मेंदूच्या लहरींवरूनच कळतं. ऑक्सिजन फारसा न उतरता ज्यांची झोप सारखी मोडते, त्यांच्या घटना इथे गळतात.

लक्षणं इतकी स्पष्ट असताना पुन्हा घरची चाचणी करू नका. प्रयोगशाळेत रात्रभराची पॉलिसोम्नोग्राफी (मेंदूच्या लहरींसह झोपेची पूर्ण नोंद) करून घ्या.

साखरझोप:
सहमत, पण त्याआधी दोन आठवडे झोपेची डायरी भरा: अंथरुणात कधी, डोळा कधी लागला, जाग किती वेळा, उठणं, डुलक्या, चहा-कॉफी, मद्य, औषधं. रोज साडेपाच तासच झोप होत असेल, तर पेंगेचं कारण तिथेच सापडू शकतं.

पॉलिसोम्नोग्राफीतही काही निघालं नाही, तर नार्कोलेप्सीचा (दिवसा अनावर झोप येण्याचा मेंदूचा आजार) विचार करतात. त्यासाठी रात्रीच्या नोंदीनंतर लगेच दिवसा दर 2 तासांनी 4-5 डुलक्यांची चाचणी होते. झोप लागायला सरासरी 8 मिनिटं किंवा कमी आणि निदान दोन डुलक्यांत झोप लागल्यापासून 15 मिनिटांच्या आत आरईएम झोप (स्वप्नं पडणारी झोप), असा निकष. आधीच्या रात्री किमान 6 तास झोप झालेली हवी. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या आरईएम दाबतात, म्हणून त्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, स्वतःहून कधीही नाही.

संध्याकाळी पाय वळवळतात, हलवल्यावर बरं वाटतं, असं आहे का? हा रेस्टलेस लेग्ज (अस्वस्थ पाय) विकार असू शकतो आणि त्याचं निदान लक्षणांवरूनच होतं. सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा.

पहाटवारा:
पायांची तक्रार नाही. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर पाठीवर झोपल्याचा वेळ फक्त 20 मिनिटं दिसतोय. एरवी झोप बहुतेक पाठीवरच असते.

निद्रामापक:
हे फार महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना आवर्जून दाखवा. उताणं झोपल्यावर जीभ आणि मऊ टाळू मागे पडून घसा अरुंद होतो, आणि अनेकांचा ॲप्निया त्याच स्थितीत वाढतो. नळ्या-पट्ट्यांमुळे ती रात्र कुशीवर गेली असेल, तर हा आकडा नेहमीच्या झोपेचा नाहीच. प्रयोगशाळेत तंत्रज्ञांना आधीच सांगा, म्हणजे पाठीवरची झोप पुरेशी नोंदली जाईल. रिपोर्टमध्ये पाठीवरचा आणि आरईएम झोपेतला ताशी आकडा वेगवेगळा मागून घ्या. तोवर पेंग येत असताना गाडी चालवू देऊ नका.